घरच्यांच्या वाट्याचा भरवसा

ओंजळ
माझा नवरा ख्रिस्ती मिशनच्या कामाने फिरतीवर असतो. कधी रेंज नसलेल्या डोंगराळ भागात, कधी देशाबाहेर. मी नोकरी करते, मुलं शाळेत आहेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तो निघतो तेव्हा पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, चर्चची मंडळी गाऊन निरोप देते. मागे राहिलेलं घर मात्र कोणाच्या प्रार्थनेच्या यादीत फारसं नसतं. मुलाला रात्री ताप चढला तर दवाखान्यात कोण नेणार, सासूबाईंना उचलून बसवायला दुसरं माणूस कुठून आणायचं, असल्या गोष्टींना कोणी 'सेवा' म्हणत नाही.

आता पुन्हा एक लांबचा दौरा ठरलाय. या वेळी प्रवासविमा काढू, कागदपत्रं एका जागी ठेवू, काही झालं तर मी कोणाला फोन करायचा ते लिहून दे, एवढंच मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "प्रभू पाहून घेईल. विमा काढून निघायचं तर मग भरवसा कशाला म्हणायचं?" चिडून बोलला असता तर मी भांडले तरी असते. तो अगदी मनापासून बोलला, म्हणून जास्त जड गेलं.

मीही विश्वासातलीच आहे. मत्तय ६ मध्ये 'उद्याची चिंता करू नका' म्हणून दाखवलेली पाखरं आणि रानातली फुलं मलाही पाठ आहेत. पण त्याने स्वतःच्या जिवापुरता ठेवलेला भरवसा आणि माझ्या नि मुलांच्या वतीने परस्पर ठेवून टाकलेला भरवसा, हे दोन्ही एकच का? मला काही सुटत नाहीये. उपदेश नको (थोडा चालेल). असं आयुष्य काढलेल्यांनी लिहा. देव न मानणाऱ्यांनीही लिहा.

रानवारा
ताई, नीतिसूत्रे ३:५ वाचा. "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस." तुमचे यजमान आत्म्याच्या मार्गदर्शनाने चालले आहेत. अशा माणसाला घरातून ओढ लागू देऊ नये. प्रार्थना करतो.

टाचण
ओंजळ, तुमच्या यजमानांना एक जुनी हकिगत सांगा. हडसन टेलर हा मिशनरी चीनला निघाला तेव्हा २१ वर्षांचा होता. सप्टेंबर १८५३, लिव्हरपूलहून 'डम्फ्रीज' नावाचं जहाज. निघाल्यावर लगेचच आयरिश समुद्रात वादळाने गाठलं आणि जहाज खडकांकडे ढकललं जाऊ लागलं. टेलरकडे पाण्यात तरंगायचा पट्टा होता. तो आईने गळ घातली म्हणून घेतलेला. त्या रात्री त्याच्या मनाने घेतलं की पट्टा जवळ असेल तर आपला देवावर पुरता भरवसा नाही. मग तो त्याने दुसऱ्याला देऊन टाकला आणि त्याला एकदम शांत वाटलं.

खरी मजा पुढे आहे. पट्टा दिल्यावर याच माणसाने एका टोपलीत तरंगतील अशा हलक्या वस्तू भरून ठेवल्या आणि त्यात काही विसंगत आहे हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही! हे सगळं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. साधनं वापरल्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही आणि आपण त्या रात्री चुकलो, असं त्याने स्पष्ट म्हटलंय. जहाज वाचलं, मार्च १८५४ मध्ये तो शांघायला उतरला, १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं. विम्याला नाही म्हणणारे लोक ज्याची उदाहरणं देतात तो हा माणूस, आणि त्यानेच या प्रश्नाचा निकाल देऊन ठेवलेला आहे.

मला या गोष्टीत आईचं वाईट वाटतं. पट्टा तिच्या जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून होता. तो दुसऱ्याला देताना टेलरच्या मनात तिचा विचार आला का, कोण जाणे.

चौकटीबाहेर
मी देव मानत नाही, तेव्हा माझं मत त्या मापाने घ्या.

एकट्याने धोका पत्करणारा माणूस मला समजतो. गिर्यारोहक तेच करतात. पण ज्याच्या पगारावर किंवा नुसत्या असण्यावर आणखी चार जीव अवलंबून आहेत, त्याने "वरचा पाहून घेईल" म्हटलं की प्रत्यक्षात पाहून घेणारं माणूस बहुतेक वेळा बायको असते. देवाचं नाव होतं, राबतं दुसरंच कोणी.

दुसरं, "आम्ही कोणाकडे काही मागत नाही, फक्त प्रार्थना करतो" या परंपरेबद्दल मला नेहमी शंका येते. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर घ्या. अनाथालयासाठी माणसांकडे कधी पैसे मागितले नाहीत म्हणतात. पण दरवर्षी छापील अहवाल निघायचा, त्यात कोणत्या दिवशी धान्य संपत आलं होतं नि कोणती मदत कशी येऊन पोचली ते सगळं. याला न मागणं म्हणायचं?

टाचण
@चौकटीबाहेर, म्यूलरवरचा आक्षेप जुना आहे आणि अगदीच पोकळ नाही. पण म्यूलरलाही ते कळत होतं. १८४१ च्या अखेरीस तिजोरीत खडखडाट असताना त्याने वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलला, का तर तो वाचून लोकांना मागणी वाटू नये. तंगीच्या काळात आपलं सगळ्यात उपयोगी साधन बाजूला ठेवणारा माणूस निदान ढोंगी नव्हता.

शिवाय तो हिशोबाचा पक्का. आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद असे. ब्रिस्टलमधल्या ॲशली डाउनला १८४९ मध्ये पहिली इमारत उभी राहिली, १८७० पर्यंत पाच झाल्या, दोन हजारांवर मुलांची सोय. नुसतं गुडघ्यावर बसून हे होत नाही, आराखडे काढावे लागतात. आणि हो, फिरती! १८७५ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना तो प्रचारदौऱ्यांना बाहेर पडला आणि पुढली सतरा वर्षं ४२ देश फिरला. पण अनाथालय जावयाच्या हाती नीट सोपवून. मागची व्यवस्था लावून निघालेला माणूस आहे तो, हे भाषणांत कोणी सांगत नाही.

कंदील
पवित्र शास्त्रातच या वादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, त्या वाचायला हव्यात.

एज्रा ८. बाबेलहून यरुशलेमेला निघालेला काफिला, वाटेत लुटारूंचं भय. एज्रा म्हणतो, राजाकडे शिपाई नि स्वार मागायची मला लाज वाटली, कारण आमचा देव आमचं रक्षण करतो असं मीच त्याला सांगून बसलो होतो. म्हणून संरक्षण न घेता निघाले.

नहेम्या २. तीच दिशा, जवळपास तोच काळ. राजाने बरोबर सेनानायक आणि स्वार दिले आणि नहेम्या त्यांना घेऊन निघाला. खळखळ नाही, लाज नाही. वर तो म्हणतो की देवाचा वरदहस्त माझ्यावर होता म्हणून राजाने हे दिलं. पुढे चौथ्या अध्यायात शत्रू चालून येणार कळल्यावर काय केलं? देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. एकाच वचनात दोन्ही.

शास्त्र या दोघांपैकी कोणालाच रागे भरत नाही. त्यामुळे विमा घेणारा अविश्वासी, हे शास्त्राला धरून नाही. आणि न घेणारा मूर्ख, हेही नाही.

ओंजळ
कंदील, तुमचा प्रतिसाद काल त्याला वाचून दाखवला. त्याने एज्राच निवडला. अर्थात.

कंदील
:) मग एज्रा शेवटपर्यंत वाचायला लावा. २१ वं वचन. अहवा नदीकाठी त्याने उपास पुकारला तो स्वतःसाठी, "मुलाबाळांसाठी" आणि मालमत्तेसाठी सुखरूप प्रवास मागायला. ती मुलंबाळं तिथेच नदीकाठी होती, सगळा काफिला मिळून उपास करत होता. एज्राने घरी एकट्याने ठरवून बायकोला येऊन सांगितलं असं घडलेलं नाही. ज्यांचा जीव पणाला लागणार होता ते सगळे त्या प्रार्थनेत होते.

आणि त्यापुढची वचनं तर हिशोबनिसाने लिहावी तशी आहेत. साडेसहाशे किक्कार (त्या काळचं एक मोठं वजन) रुपे, शंभर किक्कार सोने, सगळं तोलून बारा याजकांच्या ताब्यात दिलं. यरुशलेमेला पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोललं, मोजलं, वजन लिहून घेतलं. शिपाई नाकारणाऱ्या माणसाने पावत्या नाकारल्या नाहीत. तुम्ही मागताय ते कागदपत्रांचं टाचण या दुसऱ्या प्रकारात बसतं.

वळणवाट
बराच वेळ लिहू की नको करत होते. मी अशा घरात वाढलेली मुलगी आहे. वडील सुवार्तिक. ते आता हयात नाहीत, म्हणून लिहिते.

बाबांवर माझा राग नाही. ते घरी असत तेव्हा पूर्ण घरी असत. पण त्यांच्या साक्षींमध्ये, म्हणजे मंडळीपुढे ते आपले अनुभव सांगत त्यांत, आम्ही नेहमी एकाच वाक्यात यायचो: "मागे कुटुंबाला प्रभूने सांभाळलं." त्या वाक्यात आईचं शिवणकाम नव्हतं, आजोळहून आलेली मदत नव्हती, शाळेत फी भरायला उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं राहणं नव्हतं. प्रभूने सांभाळलं हे खरंच आहे, आजही मानते. पण कोणाच्या हातून, तेही सांगायला काय हरकत होती?

मिशनच्या इतिहासात डोरोथी केरीबद्दल फार कमी बोललं जातं. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला निघाला तेव्हा तिने आधी साफ नकार दिला होता. पदरात तान्हं मूल. निघणं लांबलं, आग्रह झाला, शेवटी बहीण सोबत येत असेल तर येते म्हणून ती तयार झाली. पुढच्या वर्षी पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. त्यानंतर तिचं मन कायमचं बिघडलं. १८०७ मध्ये ती वारली. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरं करतोय आणि ही अशी. केरीचं काम थोर आहे, कोणी नाकारत नाही. पण त्या थोर कामात तिचाही वाटा गेला आणि तो तिने राजीखुशीने दिलेला नव्हता.

आपल्याकडे आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल बघा. १८१३ मध्ये मुंबईत आलेले, १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेले, वय ४१. बायको मुलांना घेऊन आदल्या वर्षी अमेरिकेला निघालेली. तार नव्हती तेव्हा, जहाजानेच बातमी जायची. किती दिवस ती जिवंत नवऱ्यासाठी प्रार्थना करत राहिली असेल? मला हा विचार लहानपणापासून सोडत नाही.

रानवारा
सगळ्यांचा मान ठेवून म्हणतो, हे सगळं फार जगाच्या बुद्धीने चाललंय. प्रभू लूक १४:२६ मध्ये काय म्हणतो? आईबाप, बायको, मुलं यांचा जो द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. पाचारण घरच्यांच्या सोयीने येत नसतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांना विचारून का?

कंदील
लूक १४:२६ नंतर दोनच वचनं पुढे जा, २८. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही असा कोण आहे? हे दोन्ही एकाच श्वासात बोललेलं आहे. आणि १ तीमथ्य ५:८, जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. पौलाने लिहिलंय ते, ज्याला स्वतःचं घरदार नव्हतं त्याने.

वळणवाट
@रानवारा, टिळकांचं उदाहरण तुमच्या बाजूने पुरतं जात नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, वेड लागायची पाळी आली होती. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळकांचा भरवसा लक्ष्मीबाईंच्या कामी आला नाही, त्यांना स्वतःचा मिळवावा लागला. ओंजळ यांचा प्रश्न हाच तर आहे.

रानवारा
हे मान्य करतो. मी त्या बाजूने पाहिलं नव्हतं.

चौकटीबाहेर
या धाग्यावर एक माणूस "मान्य करतो" म्हणाला, याला चमत्कार म्हणायला माझी हरकत नाही.

टाचण
घरच्यांच्या वाट्याला आलेल्या श्रद्धेची बरी-वाईट दोन्ही रूपं पाहिलेली एक व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी फिरत, पुराण सांगत. दुष्काळ पडला. वडील, आई, बहीण पाठोपाठ गेले. रमाबाई तेव्हा सोळाच्या आसपास. उरल्या त्या आणि भाऊ. दैव पाहून घेईल म्हणून हातपाय न हलवणं काय करतं, हे त्यांनी स्वतःच्या पोटाने अनुभवलेलं होतं.

आता पुढचं पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, बायका केडगावला आणल्या. मुक्ती मिशन प्रार्थनेवर चालायचं, उद्याची खात्री नसायची. पण तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, मुलींना हातातलं काम येत होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईत. उपाशी मेलेल्या घरातून आलेली बाई प्रार्थना करताना विहीर खणायला विसरत नाही, असं मी त्याचं स्पष्टीकरण करतो. (लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, स्वतः रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये. तेवढ्या मधल्या काळातही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सुरूच होतं.)

जुना_प्रवासी
उमेदीची सगळी वर्षं फिरतीत गेली. आता गुडघ्यांमुळे घरी. म्हणून ओंजळ, तुमच्या यजमानांच्या बाजूनेही थोडं सांगतो आणि मग तुमच्या.

फिरतीवर भरवसा ठेवणं सोपं असतं. हे कोणी कबूल करत नाही. तिथे सकाळी प्रार्थना, दुपारी प्रार्थना, रात्री पुन्हा सभा. बस चुकली, अनोळखी माणसाने घरी नेलं, जेवू घातलं, की लगेच साक्ष तयार. घरी तसं नसतं. घरी तीच भांडी, तोच खोकला, तीच मुलाची गणिताची वही. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, रोज सकाळी पडायचा, माणशी एक ओमर एवढं माप. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडायचे. चाळीस वर्षं रोज तेच खाऊन लोक कंटाळले. लाल समुद्र दुभंगला तेव्हा गाणं म्हणणारे हेच लोक होते. समुद्र तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला आलाय, मान्ना तुमच्या. माझ्या मते तुमचं काम अवघड आहे. आणि त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय, तेव्हा किडे पडले नाहीत. साठवण्यालाच बंदी होती असं नाही.

पौलाचं प्रवासवर्णन मी म्हातारपणी नीट वाचलं. तरुणपणी २ करिंथ ११ मधली तीन जहाजं फुटलेली दिसायची. आता शेवटच्या पत्रातलं बारीकसारीक दिसतं. त्रोवसला राहिलेला झगा आण, चर्मपत्रं आण. त्रफिम आजारी होता, त्याला मिलेताला ठेवून आलो. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्याचा सोबती आजारी पडून मागे राहतो आणि पौल ते साधेपणाने लिहितो. कोणाच्या विश्वासात खोट काढत नाही.

तुमच्या यजमानांना लूक २२:३५-३६ दाखवा. प्रभूने आधी शिष्यांना थैली, झोळी, वहाणा न घेता पाठवलं होतं. काही कमी पडलं का? नाही. आता मात्र ज्याच्याकडे थैली आहे त्याने ती घ्यावी. आज्ञा देणारा तोच, ऐकणारे तेच, पण दौरा वेगळा.

आमच्या वेळी एक पद्धत मी घरच्यांच्या दबावाखाली सुरू केली आणि मग कधी सोडली नाही. निघण्याआधी मंडळीतलं एक कुटुंब घरासाठी नेमायचं, नाव जाहीर करून. प्रार्थनेसाठी वेगळे लोक, पण हे कुटुंब दवाखाना, बिलं, रात्री-अपरात्री धावायला. बायकोला त्यांना फोन करायचा संकोच वाटू नये म्हणून पाळकांनी स्वतः सांगायचं. परत आल्यावर साक्ष द्यायला आधी मी नाही, ती उभी राहायची. पहिल्या वेळी ती जे बोलली त्याने मंडळी जरा गप्प झाली होती, एवढं सांगतो.

ओंजळ
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. सासूबाईंची तब्येत.

आम्ही बोललो. म्हणजे भांडलोही. टेलरचा पट्टा त्याच्या डोक्यात बसला होता. म्हणाला, "आईसाठी घेतला होता ना त्याने? मग विमा मी तुझ्यासाठी काढतो. माझ्या भरवशाच्या हिशोबात मी तो धरत नाही." हे उत्तर मला अर्धंच पटलं. माझ्या भीतीची सोय म्हणून तो अर्ज भरतोय, आपलं कर्तव्य म्हणून नाही. पण अर्ज भरला गेलाय आणि सध्या मी तिथेच थांबतेय. नॉमिनी, बँकेचे कागद, तिकडच्या माणसांचे फोन, सगळं एका फायलीत आलं. फोन किती दिवसांनी करायचा यावर अजून वाद आहे. रेंज नसेल तर उगाच घोर लागेल म्हणून वार ठरवायला तो तयार नाही. ठरलेला वार टळला तर घोर लागेलच, पण न ठरवता रोजच लागतो, हे त्याला कळत नाही.

जुना_प्रवासी काकांची कुटुंब नेमायची कल्पना पाळकसाहेबांना सांगितली. दोन घरांनी स्वतःहून हात वर केले. त्यातल्या एका काकूंचे मिस्टरही पूर्वी फिरतीवर असायचे. त्या मला म्हणाल्या, "आम्हाला हे कधी मागायला सुचलं नाही गं."

वळणवाट, तुझं लिहिलेलं मी त्याला दाखवलेलं नाही. आधी मलाच दोनदा वाचावं लागलं. मुलीला मात्र विचारलं, बाबा जातात तेव्हा तुला काय वाटतं. तिने यादीच काढली. ती त्याला तिनेच द्यावी असं ठरलंय.

आता एक साधा प्रश्न. या वेळच्या देशात पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं प्रमाणपत्र मागतात. निघायला तीन आठवडे आहेत. वेळ आहे ना? त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा घेतल्याचं आठवतं, पण कार्डावरची मुदत संपली असं तो म्हणतो.

जुना_प्रवासी
वेळ आहे. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पण आधी जुनं कार्ड शोधा. पूर्वी दहा वर्षांची मुदत असायची, २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर चालतो आणि जुन्या कार्डांनाही ते लागू आहे. सापडलं नाही तर मात्र नव्याने घ्यावी लागेल, आणि साठीच्या जवळ असतील किंवा काही आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारून. ही लस नेमलेल्या केंद्रांतच मिळते, वार ठरलेले असतात, फोन करून जा.

कंदील
मलेरियाचा भाग असेल तर गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. त्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही काही काळ चालू ठेवायच्या असतात. घरी पोचल्यावर बरं वाटतंय म्हणून लोक बंद करतात, तर त्या पुरवायचं काम तुमच्याकडे घ्या.

रानवारा
आमच्या मंडळीच्या यादीत तुमचं घर टाकलंय, ताई. फक्त त्यांचं नाव नाही, घर.